‘फुलहॅमेरिका’तला शनिवार

ऑफिसनं लंडनला ऑनसाइट धाडलंय आणि शनिवार मोकळा आहे? मग मादाम तुसाँ राहू द्या. फुलहॅमची होम मॅच असेल, तर ट्यूबनं पटनी ब्रिजला उतरा आणि बिशप्स पार्कमधून थेम्सच्या काठाकाठानं चालत सुटा. समोर येतं क्रेव्हन कॉटेज. १९०५ सालचा स्टँड, लाकडी खुर्च्या आणि कोपऱ्यात चक्क खरीखुरी कॉटेज!

इथं मार्क सढळ हातानं मिळत नाहीत. त्यात खेळाडू अमेरिकन असला, की इंग्लिश फॅनच्या भुवया आधी उंचावायच्या. २००४ मध्ये ब्रायन मॅकब्राइड आला. हेडरसाठी डोकं कुठंही घालायचा, अंग चोरणं ठाऊकच नाही. तो पुढे कॅप्टन झाला, स्टेडियममधल्या बारला क्लबनं त्याचं नाव दिलं. मग टेक्ससचा क्लिंट डेम्प्सी. मे २००७ मध्ये लिव्हरपूलविरुद्धचा एकमेव गोल त्याचा, आणि त्या विजयाच्या जोरावर फुलहॅम प्रीमियर लीगमध्ये टिकलं.

मॅच सुटल्यावर परतताना आजूबाजूचे हिशेब ऐका. कोण जीव तोडून धावला, कोणी पाय मागे घेतला. पासपोर्टचा विषय केव्हाच मागे पडलाय. सोमवारी नव्या टीमसमोर उभं राहताना हे आठवलं, तर तिकिटाचे पैसे वसूल!