वरीस बुडवायचं न्हाई

ऐंशीच्या दशकात विट्याच्या आमच्या घरात कॉलेजला जाणारी सख्खी-चुलत भावंडं एकामागोमाग एक वाढत होती. अण्णा आणि काका दोघंही यंत्रमागावर. एकाची दिवसपाळी असली की दुसऱ्याची रातपाळी. आई आणि काकू घरी कांड्या भरायच्या. या मिळकतीत एका वेळी एकाचं, फार तर दोघांचं कॉलेज निघायचं. म्हणून ॲडमिशनच्या दिवशी अण्णा प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत, "तीन वर्सांत भाईर पड. तुज्या मागं दुसरं हुबं हाय. वरीस बुडवायचं न्हाई."

थोरला दादा या रांगेतून आधीच बाजूला झाला होता. बारावी झाल्यावर तो मदुराईला गलाईच्या दुकानावर गेला. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या या धंद्यासाठी खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगलेली आहेत, तेव्हा त्याचं जाणं कुणाला वेगळं वाटलं नाही. दर महिन्याला त्याची मनीऑर्डर येई आणि आई त्यातले फीचे पैसे वेगळ्या डब्यात ठेवी. दसऱ्याला पालख्यांच्या शर्यतीसाठी तो गावी आला की घरात शिरल्या शिरल्या निकाल विचारी.

आमच्यासाठी कॉलेज म्हणजे 'रयत'चं बळवंत कॉलेज. काकांच्या आधीच्या पिढीला पदवीसाठी सांगलीला विलिंग्डनला खोली करून राहावं लागे आणि परीक्षा पुणे विद्यापीठाची असे. 1962 साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झालं, पुढं गावातच कॉलेज आलं आणि खोलीचा, खानावळीचा खर्च वाचला. फीचा भार ई.बी.सी.नं हलका केला. बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना सुरू झालेल्या या सवलतीनं आमच्यासारखी किती घरं शिकली असतील! उत्पन्नाचा दाखला काढायला काका तहसील कचेरीत सकाळपासून बसत. पण नापास झालं की त्या वर्षाला सवलत नाही. बुडालेल्या वर्षाची फी पुरी भरावी लागे. वर परीक्षेचा फॉर्म पुन्हा, आणि वर्षभराची जी मजुरी घरात आली असती तीही नाही.

पुस्तकांचंही तसंच. एफ.वाय.ची पुस्तकं मोठ्याकडून धाकट्याकडे यायची, जुन्या कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं घातलेली. मोठा अडकला तर त्याला ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी पुस्तक हवं आणि धाकटीला जूनपासून हवं. त्यातच विद्यापीठानं अभ्यासक्रम बदलला की जपून ठेवलेला सगळा गठ्ठा रद्दीत. आमच्या घरात वर्ष बुडालं ते 1986 साली, चुलत भाऊ एस.वाय. बी.कॉम.ला बसला तेव्हा. अकाउंटन्सीत तर तो गेलाच, पण आणखीही विषय राहिले आणि ए.टी.के.टी.च्या मर्यादेबाहेर गेले. टी.वाय.ला जाता आलं नाही.

त्या जूनमध्ये कॉलेजला जायची पाळी ताईची होती. काकांनी तिला समोर बसवून सांगितलं की यंदा थांब, पुढच्या साली बघू. ती काही बोलली नाही. कांड्या भरायला बसली. मुलीच्या बाबतीत 'पुढच्या साली' म्हणजे काय हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. तेवढ्यात एखादं स्थळ येतं, पत्रिका जुळते आणि कॉलेज राहून जातं. शेजारपाजारच्या किती हुशार मुलींचं शिक्षण असं एका वर्षाच्या फटीत गेलं, आणि त्या फटीचं कारण बहुतेकदा भावाचा निकाल असे. यात मला आजही अन्याय दिसतो.

पण तो भाऊच उठला. दिवसा राहिलेल्या विषयांचा अभ्यास आणि रातपाळीला मागावर, असं त्यानं सुरू केलं. पहिल्या पगाराचं पाकीट त्यानं न उघडता ताईच्या हातात दिलं. "माज्यामुळं थांबू नगंस, फॉर्म भर," एवढंच म्हणाला. प्रवेशाची मुदत संपत आली होती. विलंबशुल्क भरून ताईनं बी.ए.ला नाव घातलं. वाचनालयात 'कमवा आणि शिका'चं कामही तिनं मिळवलं. कर्मवीर भाऊराव पाटलांची ही योजना आमच्या भागात गरिबीची खूण मानत नसत, तिचा मान होता. टी.वाय.ला असताना तिला स्थळ आलंच. तेव्हा अण्णांनी पाहुण्यांना स्पष्ट सांगितलं की परीक्षा झाल्याशिवाय तारीख धरायची नाही. परीक्षा मार्चमध्ये झाली, लग्न मे महिन्यात. पुढं बी.एड. करून ती शिक्षिका झाली.

आता आमच्या घरातली एक मुलगी कॉलेजात आहे. नव्या धोरणामुळं तिच्यापुढं चार वर्षांची ऑनर्सची वाट आहे, आणि तीन वर्षांनी साधी पदवी घेऊन बाहेर पडण्याचीही. चौथं वर्ष करावं का, असं तिनं विचारलं तेव्हा आम्ही सगळी भावंडं फोनवर जमलो. विषय आवडत असेल तर चौथं वर्ष जरूर कर, असं ताई म्हणाली. आवडीचं जादा वर्ष आणि विषय राहिल्यामुळं गेलेलं वर्ष यांचा हिशेब एक नव्हे. फीचा अर्धा भाग दादानं फोनवरच उचलला.

दादा दुकान पुतण्याच्या हाती देऊन विट्याला परतला तेव्हा साठीला आला होता. त्यानं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा फॉर्म भरला. स्वाध्याय स्वतः लिहिले, पेपर दिले, एक विषय राहिला तर पुन्हा दिला. तीनपेक्षा जास्त वर्षं लागली. त्याच्या मागं आता कुणी उभं नव्हतं, आणि अण्णा असते तर त्यांनीही त्याला घाई केली नसती.