ते पुरळ फवाऱ्याचे नव्हते

आज पिकाविषयी नाही, माझ्या एका चुकीविषयी लिहितो.

सेलू तालुक्यातल्या एका गावी बोंडअळीची पाहणी करायला गेलो होतो. ओळखीच्या घरी पंचविशीचा मुलगा ओसरीवर पडलेला. अंगात ताप, छातीपाठीवर लाल पुरळ. आदल्या दिवशी त्याने पऱ्हाटीवर फवारणी केली होती. आई म्हणाली, "साहेब, फवाऱ्याचं औषध लागलं असन का जी?" मी म्हणालो, "तेच. साबणाने आंघोळ घाला, दोन दिवसांत उतरेल."

साहेबांचा शब्द म्हणून त्या माउलीने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी मुलाचे तोंड आतून सोलले, डोळे लाल झाले, अंगावर फोड आले. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेले, तेव्हा डॉक्टरांनी पहिलेच विचारले, "नवी गोळी कोणती सुरू आहे?" मिरगीसाठी तीन आठवड्यांपासून फेनिटॉइन सुरू होते. सोयरीक चालली होती, म्हणून मिरगीची गोष्ट घराबाहेर गेली नव्हती. मीही फवाऱ्याच्या डब्याचे नाव विचारले, पोटात काय जाते ते विचारले नाही.

फेनिटॉइन वाईट औषध नाही. १९३८ पासून त्याने असंख्य लोकांच्या फिट थांबवल्या आहेत. पण फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, लॅमोट्रिजिन या गोळ्या काहींच्या अंगाला सोसत नाहीत. बहुधा पहिल्या दोन महिन्यांतच पुरळ उठते. पुष्कळदा ते साधे असते; पण ताप, तोंडात फोड, लाल डोळे किंवा सुटणारी कातडी दिसली, तर जिवावर बेतू शकते. ती उष्णता नव्हे, देवीही नव्हे.

म्हणून एवढे करा. नवी गोळी सुरू असताना पुरळ दिसले, तर त्याच दिवशी गोळ्यांची पट्टी घेऊन दवाखाना गाठा. भीतीपोटी आपल्या मनाने गोळी सोडून घरी बसू नका. एकाएकी सोडल्याने फिटवर फिट येऊ शकते. कोणती गोळी बंद करायची आणि बदली कोणती द्यायची, हे डॉक्टर ठरवतील. आणि जी गोळी एकदा अशी बाधली, ती पुन्हा कधीही घेऊ नका. तिच्या भाऊबंद गोळ्याही बाधू शकतात, म्हणून तिचे नाव लिहून जवळ ठेवा.

तो मुलगा वाचला. गोळीचे नाव लिहिलेली चिठ्ठी त्याच्या खिशात असते. मिरगी लपवण्यासारखा रोग नाही. त्या दिवशी कोणी तो शब्द उच्चारला असता, तर माझी चूक तिथेच थांबली असती.