एका दिवसाचा कैदी

शाहीर हा लोकांचा इतिहासकार असतो, हे वाक्य पोवाडा शिकवताना आम्ही दोघेही वर्षानुवर्षे वर्गात उच्चारीत आलो. या वाक्याविषयी आम्हांस प्रथम अस्वस्थ केले ते अ‍ॅल स्ट्यूअर्ट या परक्या गीतकाराने.

१९४५ साली ग्लासगो येथे जन्मलेला स्ट्यूअर्ट लंडनच्या लोकसंगीताच्या वर्तुळातून पुढे आला. आरंभी त्याचा विषय बव्हंशी तो स्वतःच होता. १९६९ च्या ‘लव्ह क्रॉनिकल्स’चे शीर्षकगीत तर तब्बल अठरा मिनिटांचे प्रेमचरित्र आहे. १९७३ च्या ‘पास्ट, प्रेझेंट अँड फ्यूचर’मध्ये तो इतिहासाकडे वळला. मात्र तेथेही त्याने ‘मी’ सोडला नाही. तो दुसऱ्याच्या स्वाधीन केला.

‘रोड्स टु मॉस्को’ या आठ मिनिटांच्या गीतातला ‘मी’ लाल सैन्यातील एक अनाम शिपाई आहे. जून १९४१ चे जर्मन आक्रमण, माघार, हिवाळा आणि अखेरचा विजय हे सारे आपण त्याच्या डोळ्यांनी पाहतो. परतीच्या वाटेवर मात्र, एकच दिवस शत्रूच्या कैदेत काढल्याबद्दल, त्याची रवानगी श्रमछावणीत होते. शरण जाणाऱ्यास देशद्रोही ठरविणारा स्टालिनचा २७० क्रमांकाचा हुकूम ऑगस्ट १९४१ चा. पुस्तकात तो आम्ही वाचला होता. त्याचे वजन कळले ते या गीतात.

१९७६ च्या ‘इयर ऑफ द कॅट’ने स्ट्यूअर्टला अमाप लोकप्रियता दिली. तरीही त्याच ध्वनिमुद्रिकेत एलिझाबेथकालीन दर्यावर्दी ग्रेनव्हिल आहे, आणि १९७८ च्या पुढील मुद्रिकेत फ्रेंच राज्यक्रांती. लोकांची अभिरुची पालटली, मोठे यश ओसरले. १९९५ साली त्याने दोन महायुद्धांमधील काळावर ‘बिटवीन द वॉर्स’ ही अख्खी मुद्रिका केली.

येथे एक घरगुती गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्यापैकी एकाचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत लढले, युद्धकैदी झाले आणि युद्ध संपल्यावर गावी परतले. त्यांना कुणी शिक्षा केली नाही. कुणी काही विचारलेही नाही. भावकीत त्यांचा उल्लेख ‘पकडले गेलेले’ असा होई. २००६ साली ते गेले. सिंहगडाचा पोवाडा शिकवून संध्याकाळी घरी येणाऱ्या नातवालाही त्यांच्याजवळ बसून दोन प्रश्न विचारावेसे वाटले नाहीत. हे गीत आम्ही ऐकले ते त्यानंतर.

पोवाड्याची थोरवी त्यामुळे आमच्या लेखी उणावली नाही. गडावर धारातीर्थी पडलेल्याला शाहीर मिळतो. जिवंत परतलेल्याला ऐकणारा लागतो. ते जुने वाक्य आम्ही आजही वर्गात उच्चारतो. त्यानंतर मुलांना एवढेच सांगतो, की घरी कुणी म्हातारे माणूस असेल तर आज त्याच्यापाशी थोडा वेळ बसा.