उभा राहणारा पाय

कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा. कित्येक संघांच्या नावात अजूनही ‘तालीम’ आहे. त्याच पेठांत आम्ही वाढलो. भिंतीवर चेंडू मारायचा तो उजव्या पायाने. डावा केवळ उभे राहण्यापुरता. सतराव्या वर्षी शाहू स्टेडियमवर ऐन धावेत उजव्या मांडीमागे काहीतरी तटकन तुटले. हंगाम संपला. ‘वॉर्म-अप केला नसशील,’ एवढेच निदान झाले.

कारण पुष्कळ उशिरा उमगले. किक मारताना मांडीचा पुढचा स्नायू गुडघा सरळ करतो. मागचा, म्हणजे हॅमस्ट्रिंग, त्या वेगाला लगाम घालतो. पुढचा बळावत जावा आणि मागचा कच्चा, ताठर राहावा, तर ताण नेमका मागच्यावर येतो. त्यातून वाढीच्या वयात हाडे झपाट्याने लांबतात आणि स्नायू मागे रेंगाळतात. आणि ज्या डाव्याला आम्ही दुबळा म्हणत आलो, तो प्रत्येक किकला सारे अंग तोलून धरीत होता!

उपाय साधा आहे. जोडीदाराने घोटे धरायचे, आपण गुडघ्यांवर उभे राहून सावकाश पुढे झुकायचे. या ‘नॉर्डिक’ व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे निम्म्याने घटतात, असे ८,४५९ खेळाडूंवरील अभ्यासांच्या २०१९ मधील एकत्रित विश्लेषणात आढळले.

परवा गल्लीतल्या पोरांकडून आम्ही तो करवून घेतला. ‘काका, बॉल कधी देणार?’ पोरे कुरकुरली. आम्ही घोटे सोडले नाहीत.