नदीकाठच्या मुक्कामाचा बेत

प्रवासाच्या आनंदाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. परंतु प्रवासाचा बेत करण्यात जो आनंद आहे, त्याविषयी फारसे कोणी लिहिलेले आढळत नाही. वास्तविक प्रवास दोन-चार दिवसांत संपतो; बेत मात्र महिनोन्‌महिने पुरतो. आमच्या नववीच्या वर्गाने यंदा डिसेंबरात नदीकाठी दोन रात्री राहण्याचे ठरविल्यापासून हा अनुभव मी नित्य घेत आहे. मुले व मुली मिळून 36, शिक्षक व शिक्षिका मिळून 4, आणि स्थळ अकोले तालुक्यातील भंडारदरा.

प्रवरा नदीची निवड मुलांनीच केली. ही नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. भंडारदऱ्यास 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने ती अडविली आहे. पुढे रंध्यास ती कड्यावरून खाली झेप घेते, आणि शेवटी नेवासे तालुक्यात प्रवरासंगमास गोदावरीला मिळते. जिच्या तीरी नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ती हीच नदी. नकाशात जी बोटभर निळी रेघ दिसते, तिच्या काठी निजावयाचे, ही कल्पनाच मुलांस मोहक वाटली.

मग वादास आरंभ झाला. काहींस काजवे पाहावयाचे होते. परंतु काजव्यांचा बहर पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्याची अखेर व जूनचा आरंभ या दिवसांत असतो, आणि तेव्हा शाळेस सुट्टी. काहींस तंबू हवे होते. परंतु कळसूबाईच्या पायथ्याकडील डिसेंबरची थंडी अंगावर घेण्याजोगी नव्हे, म्हणून लाकडी खोल्यांवर एकमत झाले. धान्य, कांदेबटाटे, घोंगड्या, विजेऱ्या, औषधांची पेटी, एस. टी. महामंडळाची प्रासंगिक कराराची गाडी, या सर्वांच्या याद्या तयार झाल्या. पिठल्यास किती डाळीचे पीठ लागेल, याचे त्रैराशिक मुलांनी ज्या उत्साहाने सोडविले, तो उत्साह वर्गातील फळ्यापुढे मला क्वचितच दिसतो!

खरा प्रश्न उरला तो एकच. खोल्या नदीपासून किती अंतरावर असाव्यात? मुलांचे मत असे की, दार उघडताच पाण्यात पाय बुडावेत. “सर, डिसेंबरात पाऊस नाही, मग पूर कोठून येणार?” असे एका मुलीने विचारले. प्रश्न रास्त होता. म्हणून त्या दिवशीचा भूगोलाचा तास मी या एका प्रश्नासच दिला.

भंडारदऱ्याच्या जलाशयात सुमारे 11 अब्ज घनफूट पाणी मावते. ते पाणी पाहण्यासाठी साठविलेले नसून खालच्या तालुक्यांतील शेतीसाठी साठविलेले आहे. रब्बीच्या पिकांस आवर्तन सुटले म्हणजे आकाश निरभ्र असतानाही नदी वाढते. सकाळी ज्या खडकावर बसून कपडे वाळत घालावे, तो दुपारी पाण्याखाली जातो. धरणाखालची नदी डोक्यावरच्या ढगांकडे पाहून वागत नाही. वरच्या दरवाजांकडे पाहून वागते.

हे मुलांच्या मनावर ठसावे म्हणून मी त्यांस 8 जून 2014 ची घटना सांगितली. हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात हैदराबादहून सहलीस आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी छायाचित्रे काढीत उभे होते. वर लारजीच्या धरणातून पाणी सोडण्यात आले, आणि पाहता पाहता 24 विद्यार्थी वाहून गेले. वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही.

दिवाळीपूर्वी मी व आमचे एक सहकारी जागा पाहून आलो. नदीकाठच्या झुडपांत पुरुषभर उंचीवर वाळलेले गवत व चिंध्या अडकलेल्या होत्या. पावसाळ्यात पाणी कोठवर चढले, हे नदीने स्वतःच लिहून ठेवले होते. त्या खुणेच्या बऱ्याच वर, चढावरील खोल्या आम्ही ठरविल्या. परत आल्यावर मुलांनी जलसंपदा खात्यास पत्र लिहून आवर्तनाच्या तारखा विचारल्या, आणि आपले नियम आपणच केले: निघण्याच्या दिवशी पुन्हा चौकशी करावयाची, शिक्षक बरोबर असल्याशिवाय काठाकडे जावयाचे नाही, पात्रात उतरावयाचे नाही, मग पोहता येवो वा न येवो, दिवेलागणीस व निजण्यापूर्वी हजेरी घ्यावयाची. शिक्षकांनी घातलेला नियम मोडण्यात मुलांस गंमत वाटते. आपणच केलेला नियम ती कसोशीने पाळतात, असा माझा अनुभव आहे.

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थ्याची आई संमतिपत्र घेऊन शाळेत आली. कागदावर सही झालेली होती, तरी तो तिच्या हातून सुटेना. ती म्हणाली, “सर, एकुलता एक आहे हो. नदी म्हटले की जीव घाबरा होतो. पण तुम्ही नेता आहात, म्हणून पाठवते.” मी तिला गवत कोठे अडकले होते ते सांगितले, खोल्या कोठे आहेत ते सांगितले, मुलांचे नियम वाचून दाखविले. सर्व ऐकून घेऊन तिने तो कागद माझ्या मेजावर ठेवला. आजवर पुष्कळ प्रमाणपत्रे माझ्या हाती आली. इतके जड एकही नव्हते.

बालमित्रहो, मुक्कामास अद्याप पंधरा दिवसांचा अवकाश आहे. बेत करणे म्हणजे आनंदास कुंपण घालणे, असे तुमच्यापैकी काहींस वाटते, हे मी जाणतो. परंतु दुसऱ्याचे मूल ज्याच्या स्वाधीन केलेले असते, त्याच्या दृष्टीने बेत म्हणजे आगाऊ केलेली माया होय. याद्या नीट करा, घोंगड्या विसरू नका, आणि नदीला नमस्कार करावयाचा तो काठावरूनच करा.