एकशे चव्वेचाळीस सेकंद

स्पीड कॅमेऱ्यांनी रस्ते खरंच सुरक्षित होतात, की ते नुसते तिजोरी भरायला बसवलेत? ऑफिसात चहाच्या वेळी हा विषय निघाला की चलन आलेले आणि न आलेले असे दोन तट पडतातच!

आम्ही भायखळ्याचे, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर येतो तो जेजे उड्डाणपूल. २००२ साली झालेला, साधारण २.४ किलोमीटर लांब. बाजूला खेटून इमारती, मध्ये वळणं, आणि रात्री उशिरा जवळपास मोकळा. दुचाकींना २०१० पासून बंदी आहे, तरी रात्री बाइक चढतातच.

तर कॅमेरे. २०१० साली कॉक्रेनने जगभरातले ३५ अभ्यास एकत्र तपासले. कॅमेऱ्यांच्या आसपास गंभीर आणि जीवघेणे अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. म्हणजे उपयोग होतो, यावर माझ्यापुरता वाद संपला. ताशी ६० ऐवजी ८० ने ठोकलं तर धक्क्याची ऊर्जा पावणेदोन पट होते, हे तर शाळेतलंच गणित.

पण 'आसपास' हा शब्द बघा. आपल्याकडे फोनच आधी सांगतो, पुढे कॅमेरा आहे. गडी ब्रेक दाबतो, खांब मागे पडला की पुन्हा सुसाट! पुढच्या वळणावर काय होणार, ते त्या खांबाला कुठे दिसतंय?

यावर उपाय आहे. पुलाच्या दोन टोकांना दोन कॅमेरे लावायचे आणि नंबरप्लेट, वेळ जुळवायची. दोन टाइमस्टॅम्पची वजाबाकी, बस्स. ६० ची मर्यादा धरली तर २.४ किलोमीटरला १४४ सेकंद लागतात. त्याआधी खाली उतरलात म्हणजे कुठेतरी नक्कीच पळवलीत! मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर २०२४ पासून सरासरी वेग असाच मोजतात. तिथे निदान फूड मॉलला वडा खाऊन सरासरी खाली आणता येते. जेजेवर मध्ये उतरायला वाट नाही, आणि वडाही नाही :)

अर्थात वाकवलेल्या नंबरप्लेटपुढे कॅमेराही हात टेकतो. शिवाय राज्यात ई-चलनांचे शेकडो कोटी थकलेत. लोकअदालतीची वाट बघत बसलेले आमच्या टीममध्येच दोघं आहेत. दंड वसूलच होत नसेल तर त्या १४४ सेकंदांना कोण भीक घालणार? त्यामुळे जेजेवर आधी ही जोडी लावा आणि वसुलीचं बघा, नवे सुटे खांब नंतर.