पाचवी खाच

बाबांच्या डालड्याच्या डब्यात खिळे कमी आणि कनेक्टर जास्त. ते हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत होते. १९६९ साली टीडीसी-१२ हा देशी संगणक उभा राहिला, ही गोष्ट ते घरातलं कार्य पार पडल्यासारखी सांगायचे. बरकतपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत त्या डब्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आई म्हणायची, "यात किलोभर तांदूळ मावले असते."

शाळेत असताना काकांनी पुण्याहून स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आणला. मूळ सिंक्लेअर कंपनीचा, पण पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने जुळवलेला. भारी विक्षिप्त यंत्र! अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा, पण पिनेत मध्ये ऋण आणि बाहेर धन. पाठीमागून सर्किटबोर्डाची उघडी कड डोकावायची: पट्ट्यांच्या २८ जागा, त्यातल्या पाचव्या जागी पट्टीऐवजी खाच. खाचेच्या एका अंगाला ९ व्होल्ट, दुसऱ्या अंगाला ग्राउंड. मी जॉयस्टिकचा इंटरफेस लावला, तो एक घर सरकला. त्याच्या कनेक्टरमधली खाचेत बसणारी चकती कधीच पडून गेली होती. टक्क झालं आणि पडदा गेला. बाबा रागावले नाहीत. "खाच बघितली नाहीस," एवढंच म्हणाले. त्याचंच जास्त लागलं.

जळालेल्या झेड-८० प्रोसेसर चिपच्या जागी नवी कोटीच्या बाजारात लगेच मिळाली. पुढेही ती मिळतच राहिली. झायलॉग कंपनीने तिचं उत्पादन थांबवायचं ठरवलं ते थेट २०२४ साली. मेंदू मिळतो हो, सांधा मिळत नाही. बाबा गेल्यावर मी यंत्र पुन्हा बाहेर काढलं आणि इंटरफेसला लागणाऱ्या ५६ पिनांच्या कनेक्टरसाठी गुजराती गल्ली पालथी घातली. एका म्हाताऱ्या दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "ये तो मेरे जवानी का माल है, साब. अब नक्को पूछो."

तो शेवटी एर्रागड्ड्याच्या रविवारच्या बाजारात सापडला, तोही वेगळ्याच नावाने. जुने मदरबोर्ड किलोवर विकायला होते. त्यांच्यावरचा काळा आठ-बिट आयएसए स्लॉट ३१ जोड्यांचा, आणि दोन पिनांमधलं अंतर तेच, २.५४ मिलिमीटर. स्लॉट बोर्डावरून उतरवताना दोन वाकवले, तिसरा धड निघाला. मग बारीक दातांची करवत. घाई केली की प्लास्टिक तडकतं. २८ जोड्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. पाचवी जोडी चिमट्याने उपटली आणि त्या फटीत मुदत संपलेल्या बँक कार्डाचा तुकडा घासून बसवला. त्या कार्डाचा एवढा उपयोग बँकेनेही मला कधी करू दिला नव्हता.

यंत्र बंद ठेवूनच जोडलं. बटण दाबताना श्वास रोखलेला. पडदा आधी काळा, मग पांढरा, आणि तळाशी ती ओळ: © १९८२, सिंक्लेअर रिसर्च.

उपटलेल्या दोन पिना आणि उरलेलं टोक डालड्याच्या डब्यात टाकलं. आवाज ऐकून आतून आईने विचारलं, "अजून भरतोयस का त्यात?"